करवत गुण्यात कशी ठेवावी?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने करवतीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. वार्षिकाच्या पानांत कविता शोभते, प्रवासवर्णन शोभते. तेथे करवतीचे काय काम? परंतु आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तसबिरींना चौकटी करण्याचे काम चालते. वडील ते काम करतात आणि कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या हाताखाली असते. चौकटी करणाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एक खोड लागते. तो आधी कोपरे पाहतो आणि मग चित्र पाहतो.

आपल्या कोल्हापूरला कलापूर म्हणतात. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावे आपण अभिमानाने घेतो. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांचे वडील कृष्णराव मिस्त्री सुतारकाम आणि लोहारकामही करीत, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. कुंचला आणि करवत एका घरात नांदू शकतात, याचा हा आपल्याच गावचा दाखला आहे. कुंचल्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी करवतीविषयी लिहिते.

आठ कापांचा हिशेब

चौकटीला चार बाजू आणि चार कोपरे असतात. प्रत्येक कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटतात आणि प्रत्येकीचे टोक ४५ अंशांत तिरके कापलेले असते. ४५ आणि ४५ मिळून ९०, म्हणजे काटकोन. एका चौकटीत असे आठ काप येतात.

आता करवत फक्त पाव अंशाने चुकते आहे असे समजा. पाव अंश म्हणजे किती? भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा अडीच सेकंदांत सरकतो तेवढा. एका कापात ही चूक कोणाच्याही नजरेस येणार नाही. परंतु आठही काप त्याच करवतीवर होतात आणि एकाच बाजूला चुकले तर त्यांची बेरीज होते. आठ गुणिले पाव म्हणजे दोन अंश. तीन कोपरे घट्ट बसवले की ही सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात गोळा होते. पट्टी ५० मिलिमीटर रुंद असेल, तर तिचा तिरका काप सुमारे ७१ मिलिमीटर लांबीचा असतो, आणि त्यावर दोन अंशांची फट एका टोकाला जवळजवळ अडीच मिलिमीटर रुंद दिसते. एवढ्या फटीत जाड पुठ्ठा सहज जातो.

अशी फट बुजवता येते. भुशात फेव्हिकॉल कालवून भरतात, किंवा रंगाऱ्याकडची लांबी भरतात आणि वरून रंगाचा हात फिरवतात. एकदा एक बाई दिवंगत यजमानांचा फोटो आमच्याकडे घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या एका दुकानात केलेली ती चौकट होती. कोपऱ्यात भरलेली लांबी वर्षभरात गळून पडली होती. त्या फटीतून धूळ आत गेली होती आणि फोटोच्या कडेवर ओल चढली होती. तो त्यांच्याजवळचा एकमेव मोठा फोटो होता. आमच्याकडे येणाऱ्या तसबिरींत देवादिकांच्या खालोखाल अशाच तसबिरी अधिक असतात. गेलेल्या माणसाचा चेहरा घरात रोज समोर असतो आणि त्याच्या शेजारी कोपऱ्यातली फटही रोज समोर असते.

हिशेब पैशाचाही आहे. आमच्याकडे पट्टीची एक लांबी साधारण साडेनऊ फुटांची, म्हणजे ११४ इंचांची येते. १२ बाय १८ इंचांच्या चित्राला दोन इंची पट्टीची चौकट करायची तर बाहेरच्या मापाने ७६ इंच पट्टी लागते. उरतात ३८ इंच. २२ इंचांची एक लांब बाजू बिघडली तर ती या उरलेल्या पट्टीतून निघते. दोन बिघडल्या तर नवी पट्टी आणावी लागते आणि त्या कामातली मजुरी गेली असे समजावे.

आकड्यांवर का विसंबू नये?

पूर्वी हे काप हातकरवतीने घेत. लाकडाची तीन बाजूंची लांबट पेटी असे, तिच्या दोन्ही भिंतींत ४५ अंशांच्या खाचा पाडलेल्या असत आणि त्या खाचांतून करवत चालवायची. तिला माइटर बॉक्स म्हणत. करवत घासून घासून खाचा रुंद होत आणि कोन ढळू लागे. मग नवी पेटी करायची. आज बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारा माइटर सॉ आहे. त्याचे मुख्य भाग चार. पहिला भाग म्हणजे सपाट बैठक, जिच्यावर पट्टी ठेवतात. दुसरा भाग मागच्या उभ्या आधाराचा. त्याला पट्टी टेकवतात आणि कारागीर त्याला ‘फेन्स’ म्हणतात. तिसरा भाग फिरत्या तबकडीचा, जिच्यावर अंश कोरलेले असतात, आणि चौथे गोल पाते. तबकडी फिरवली की ०, २२.५, ४५ अशा नेहमीच्या अंशांवर खटका बसतो.

नवशिक्या माणसाचा विश्वास या खटक्यावर आणि आकड्यांवर असतो. पण तबकडीच्या कडेची त्रिज्या १५० मिलिमीटर धरली, तर तेथे एक अंश २.६ मिलिमीटर भरतो आणि पाव अंश जेमतेम ०.६५ मिलिमीटर. दर्शक काट्याची जाडी साधारण तेवढीच असते! म्हणजे ज्या चुकीने चौकट बिघडते, ती चूक काट्याच्या जाडीतच लपून जाते. शिवाय काटा फक्त तबकडी कोठे आहे ते सांगतो. फेन्स सरकला असेल, पाते कलले असेल, तर ते काट्याला कळत नाही. म्हणून काय कापले गेले ते तपासायचे. आकडा काय म्हणतो ते नंतर.

पण तपासायचे कशाने? गुण्या लावून, असे कोणीही म्हणेल. मग गुण्या तरी खरा आहे कशावरून? येथेच मला या विषयाची गोडी लागली.

उलटून पाहण्याची कसोटी

गुण्या तपासायला दुसरा गुण्या लागत नाही. सरळ कडेची एक फळी घ्या. गुण्याचा दांडा त्या कडेला टेकवा आणि पात्याच्या कडेने बारीक रेघ ओढा. आता गुण्या उलटा करा, म्हणजे दांडा दुसऱ्या दिशेला येईल, आणि त्याच बिंदूतून पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. त्या वर जाताना फाकल्या तर गुण्या खोटा, आणि जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी त्याची चूक. उलटल्यामुळे चूक एकदा डावीकडे पडते आणि एकदा उजवीकडे, म्हणून ती दुप्पट होऊन समोर येते.

करवतीची तपासणीही याच रीतीने होते. क्रम मात्र पाळावा, कारण पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते. आणि सर्वांत आधी विजेची पिन भिंतीतून काढावी. नुसते बटण बंद करून पात्याजवळ हात नेऊ नये.

पहिली पायरी फेन्सची. पात्याच्या डावीकडचा आणि उजवीकडचा भाग एका रेषेत हवा. पोलादी पट्टी दोन्हींना टेकवून उजेडासमोर धरावी. मधून उजेड दिसला तर फेन्स वाकलेला आहे किंवा त्याच्यामागे भुसा अडकला आहे. निम्म्या वेळा नुसत्या ब्रशने काम होते.

दुसरी पायरी सरळ कापाची. काटा शून्यावर ठेवून सुमारे १५० मिलिमीटर रुंदीचा, दोन्ही कडा समांतर असलेला प्लायवुडचा तुकडा मधोमध कापावा. त्याआधी त्याच्या वरच्या बाजूवर पेन्सिलीने खूण करावी. कापल्यावर एक अर्धा तुकडा पालथा करावा, दोन्ही तुकडे एका सरळ कडेला टेकवून कापलेली तोंडे एकमेकांना भिडवावीत. फट नसेल तर पाते फेन्सला काटकोनात आहे. पाव अंशाची चूक येथे सुमारे १.३ मिलिमीटरची फट दाखवते, आणि ती सहज दिसते. चूक असेल तर फेन्सचे बोल्ट सैल करावेत, गुण्या फेन्सला आणि पात्याला लावून फेन्स सरकवावा. गुण्या दात्यांना टेकवू नये. दात्यांवर बसवलेले कार्बाइडचे तुकडे पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड असतात. गुण्या दोन दात्यांच्या मधल्या पत्र्याला टेकला पाहिजे. बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, कारण आवळतानाच फेन्स सरकतो. मग पुन्हा कापून, पुन्हा उलटून पाहावे. सर्व जुळल्यावर सगळ्यांत शेवटी दर्शक काटा शून्यावर आणून बसवावा.

तिसरी पायरी उभेपणाची. पाते बैठकीला लंब नसेल तर काप वरून जुळतो आणि खालून उघडा राहतो, किंवा उलट. ६०–७० मिलिमीटर उंचीचा तुकडा फेन्सला उभा टेकवून कापावा, एक अर्धा भाग खालचा वर असा फिरवावा आणि जाड काचेवर दोन्ही भाग भिडवावेत. चौकटी करणाऱ्याच्या घरी काचेला तोटा नसतो, आणि काचेइतका सपाट पृष्ठभाग घरात दुसरा मिळणे कठीण. फट दिसल्यास पाते उभे ठेवणारा अडणीचा स्क्रू थोडा फिरवून दुरुस्ती करावी.

चौथी पायरी ४५ अंशांची. तबकडी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे फिरवून दोन टोके कापावीत, ती जोडून गुण्यात बसतात का पाहावे. येथे दोन प्रकारचे दोष निघतात आणि ते ओळखता आले पाहिजेत. दोन्ही काप ४५ पेक्षा कमी झाले असतील तर पट्ट्या काटकोनात धरल्यावर आतल्या कोपऱ्यात टेकतात आणि बाहेरच्या टोकाला फट राहते. दोन्ही जास्त झाले असतील तर बाहेरची टोके टेकतात आणि आत फट राहते. पण फेन्सच तिरका असेल तर एक काप ४४.७५ आणि दुसरा ४५.२५ असा होतो. बेरीज ९० भरते, कोपरा गुण्यात दिसतो, आणि तरीही ५० मिलिमीटरच्या पट्टीत एक तोंड दुसऱ्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून अधिक लांब राहते. बोट फिरवले की पायरी लागते. अशा वेळी ४५ च्या खटक्याशी झगडत बसू नये. दुसऱ्या पायरीकडे परत जावे.

शेवटची परीक्षा चौकटीचीच. टाकाऊ पट्टीचे आठ काप घेऊन एक छोटी चौकट न चिकटवता जुळवून पाहावी. येथे चूक आठपट होऊन येते, म्हणून याहून कडक परीक्षक नाही. मात्र समोरासमोरच्या बाजू तंतोतंत एका लांबीच्या हव्यात; त्या नसतील तर कोन बिनचूक असूनही कोपरे मिटत नाहीत आणि दोष करवतीच्या माथी येतो. दोन्ही बाजू फूटपट्टीने वेगवेगळ्या मोजू नयेत. फेन्सवर एक ठोकळा पक्का बांधावा आणि दोन्ही त्याला टेकवून कापाव्यात.

डोळा आणि कसोटी

माझ्या वडिलांना यातले काहीच करावे लागत नसे. ते पट्टी उजेडाकडे धरून काप पाहत आणि ‘केसभर बाहेर आहे’ म्हणत. ते खरे निघे. दुकानाची अचूकता त्यांच्या डोळ्यांत होती. मधुमेहाने त्यांची नजर अधू झाली, तेव्हा प्रश्न एका माणसाच्या नजरेचा राहिला नाही, घरच्या मिळकतीचा झाला. आता ते अंगठ्याचे नख सांध्यावरून फिरवतात. “मला दिसंना झालंय, पर नखाला लागतंय,” असे म्हणतात आणि सांधा माझ्याकडे सरकवतात. नखाला पायरी लागते; सरळ मिटलेल्या दोन तोंडांमधली बारीक फट लागत नाही. म्हणून उलटून पाहण्याच्या कसोट्या आम्ही एका वहीत क्रमाने लिहून काढल्या. कोणत्या तारखेला कोणता काप किती चुकला आणि काय सरकवले, ते त्यात असते. ज्याच्याकडे वडिलांचा डोळा नाही, त्यालाही ती वही वापरता येते. पहिला तसा माणूस मीच.

थोडा विचार केला तर या कसोटीचे मोल घराबाहेरही आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथल्या कारखान्यांत लोखंडी सपाट पाट असतात, ज्यांवर ठेवून यंत्राचे भाग तपासतात. पहिला सपाट पाट कशावर ठेवून तपासला असेल? जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४० साली ग्लासगो येथील विज्ञान परिषदेत याची रीत मांडली. दोन पाट एकमेकांवर घासून जुळवले तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट राहूनही ते जुळू शकतात. पण तीन पाट घेऊन प्रत्येक पाट इतर दोघांशी जुळवला, तर तिन्ही सपाट झाल्यावाचून सुटका नाही. आधीचा खरा नमुना हाती नसतानाही खरेपणा तयार करता येतो तो असा. प्लायवुडचा अर्धा तुकडा पालथा करण्यामागेही हाच विचार आहे.

पाते, भुसा आणि पाऊस

एकदा जुळवलेली करवत तशीच राहत नाही. तिला बिघडवणारी कारणे ठरलेली आहेत. भुसा फेन्सच्या मागे आणि खटक्याच्या खाचेत बसतो. खटका पूर्ण बसत नाही आणि काटा मात्र बरोबर जागी दिसतो. पाते बोथट झाले किंवा दात्यांवर लाकडाचा चीक चढला की पाते सरळ जाण्याऐवजी वाकते आणि तिरक्या कापात तर हमखास वाकते. तेव्हा कोन बदलू नये, पाते साफ करावे किंवा धार लावून आणावे. चौकटीच्या कामाला १० इंची पात्याला ८० ते १०० दाते असलेले बरे. कमी दात्यांचे पाते कडा उचकटते. हाताची घाईही काप बिघडवते. पात्याने पूर्ण वेग घेतल्यावर ते सावकाश खाली आणावे, आणि काप झाल्यावर पाते थांबेपर्यंत वर उचलू नये. पट्टी हाताने दाबून धरली तर तिरक्या कापात ती पात्याकडे सरकते. तिला क्लॅम्प लावावा. त्याने काप सुधारतो आणि बोटेही शाबूत राहतात.

याशिवाय एक कारण असे आहे की ज्यात करवतीचा काही दोष नसतो. लाकूड ओल शोषते आणि सोडते. त्यात ते रुंदीत फुगते किंवा आकसते. लांबीत जवळजवळ नाही. आपल्या कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात लाकडी पट्टी रुंदीला फुगते आणि ४५ चा काप ४५ राहत नाही. उन्हाळ्यात केलेली चौकट पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला उघडते. पावसाळ्यात ओलसर लाकडाची केलेली चौकट मार्च-एप्रिलमध्ये आतल्या टोकाला उघडते. पट्टी जितकी रुंद तितकी फट अधिक. उपाय एवढाच की पट्ट्या आणल्याबरोबर कापू नयेत; पंधरवडाभर घरातल्या हवेत आडव्या ठेवाव्यात, आणि रुंद चौकटीला पातळ लाकूड न वापरता चांगले मुरलेले सागवान वापरावे. हल्लीच्या कृत्रिम पट्ट्यांत हा त्रास फारसा नाही.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर वेळापत्रक आहे. रोज सकाळी ब्रश आणि खटक्याची खाच. दर आठवड्याला सरळ काप उलटून पाहणे. दर महिन्याला उभेपणा आणि आठ कापांची चौकट. पाते बदलल्यावर, करवत जागेवरून हलवल्यावर किंवा पट्टी पात्यात अडकून धक्का बसल्यावर सगळे पहिल्यापासून. या सगळ्याला महिन्याकाठी दोन तासही लागत नाहीत.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी करवत नसेल, पण भिंतीवर एखादी तसबीर नक्की असेल. आज घरी गेल्यावर तिच्या चारही कोपऱ्यांवरून नख फिरवून पाहा. तीन कोपरे घट्ट आणि चौथाच उघडा असेल, तर आठ कापांची चूक तेथे गोळा झाली आहे. चारही कोपरे सारखेच आतल्या बाजूला उघडले असतील, तर लाकूड ओले होते आणि ते वाळले आहे. कोपरा बंद असून बोटाला पायरी लागत असेल, तर बहुधा फेन्स तिरका होता. आणि चारही कोपरे अजून मिटलेले असतील, तर तो काप घेण्याआधी कोणीतरी एक तुकडा उलटून पाहिला होता असे समजावे.